शेकाची ऊब आणि रोगाचें मूळ

नीरेच्या कांठच्या अकलूज गांवीं थंडीचे दिवस फार नसतात. पण पौषांतल्या पहांटे नदीवरून येणारा वारा वाड्याच्या दिंडीदरवाजांतून थेट माजघरापर्यंत शिरतो. अशा पहांटे आमच्या घरीं सर्वांच्या आधीं एक आवाज जागा होत असे, आणि तो म्हणजे आमच्या आत्याआजींचा खोकला. आजोबांच्या या थोरल्या बहिणीनें उभा जन्म माहेरच्या घरांतच काढला होता. त्या उठत, शेगडींत चार निखारे घालीत, एरंडाच्या पानास तेल लावून तें निखाऱ्यांवर धरीत, आणि तें ऊन पान छातीस लावून भिंतीशीं टेकून बसत. अर्ध्या घटकेनें कफ सुटे. राख घातलेल्या वाटींत तो टाकून, जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा रीतीनें, त्या देवपूजेच्या तयारीस लागत. हा क्रम आम्ही लहानपणीं इतक्या वेळां पाहिला कीं, शेगडी आणि श्वास यांचें कांहीं नातें असलें पाहिजे, याविषयीं आमच्या मनांत कधीं शंकाच आली नाहीं.

त्यांच्या उजव्या कुशीवर दोन लांबट, चकचकीत वण होते. एकदां आम्हीं त्याविषयीं विचारलें, तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, "तान्ही असतांना मला डबा झाला होता रे बाळा. विळा तापवून डाग दिले, म्हणून वांचलें." ज्या उष्णतेनें त्यांच्या अंगावर जन्माची खूण ठेवली, तीच उष्णता साठ-पासष्ट वर्षांनंतर रोज पहांटे त्यांना श्वास मिळवून देत होती. छातीच्या जुनाट विकारांवर उष्णता हें खरोखरच औषध आहे काय, आणि असल्यास कोठवर, हा प्रश्न आमच्या मनांत तेव्हां नव्हता. तो पुढें एका दुःखद प्रसंगानें उभा राहिला. त्या प्रश्नाचा इतिहास वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्या घरांतून चालत आलेलें शेकाचें शास्त्र कांहीं लहान नव्हे. ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून छातीवर फिरवावी. जाड्या मिठाची पुरचुंडी पाठीस लावावी. रुईचें पान शेकून बरगडीवर बांधावें. जवसाचें पोटीस करावें. तुळस आणि गवती चहा घालून उकळलेल्या पाण्याची वाफ डोक्यावरून घोंगडी घेऊन ओढावी. इंग्रजी औषधांचा शिरकाव झाला तेव्हां शहरी मध्यमवर्गानें या यादींत अँटिफ्लोजिस्टिनची भर घातली. तो पत्र्याचा डबा ऊन पाण्यांत ठेवावयाचा, आंतला लगदा सुरीनें फडक्यावर पसरावयाचा आणि न्युमोनिया झालेल्या मुलाच्या छातीस लावावयाचा, हा विधि दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक पुणेरी आणि मुंबईकर कुटुंबांनीं भक्तिभावानें केलेला आहे.

या सर्व उपायांची कीर्ति कशी टिकली, याचा उलगडा रोगाच्या स्वभावांतच आहे. जुन्या डॉक्टरांस ठाऊक असलेला न्युमोनिया सातव्या किंवा नवव्या दिवसाच्या सुमारास एका रात्रींत पालटत असे. दरदरून घाम येई, ताप झपाट्यानें उतरे, आणि मूल डोळे उघडून पाणी मागे. ज्याचा रोग असा पालटे तो वांचे. ज्याचा पालटत नसे त्याची आशा फार थोडी उरे. ही उलटापालट रोग्याच्या रक्तांत तयार होणाऱ्या प्रतिकारक द्रव्यांमुळें होते, हें ज्ञान घरांतल्या बायामाणसांपर्यंत पोहोंचण्याचें कारण नव्हतें. आठ दिवस पोटीस चाललें होतें आणि नवव्या दिवशीं मूल उठून बसलें, एवढें सर्वांनीं पाहिलें. म्हणून यश पोटिसाचें ठरलें. जें मूल उठलें नाहीं त्याच्या बाबतींत दोष दैवाकडे गेला. उपाय आणि परिणाम हे एकामागून एक आले म्हणजे ते एकमेकांपासून आले, हा तर्क आम्हां सर्वांस इतका सोयीचा वाटतो कीं, शिकलेलीं माणसेंहि त्यांतून सुटत नाहींत.

डाग देण्याची चाल याच तर्कावर जगली. मेळघाटासारख्या डोंगराळ मुलखांत तान्ह्या मुलांच्या पोटावर तापलेल्या लोखंडानें डाग देण्याचे प्रकार अगदीं अलीकडेपर्यंत उघडकीस आले आहेत. श्वास घेतांना ज्याच्या बरगड्या आंत ओढल्या जातात आणि पोट भात्याप्रमाणें हलतें, त्या बाळाचा रोग फुप्फुसांत असतो. डाग मात्र पोटाच्या कातडीवर बसतो. जंतूंस त्याची झळहि लागत नाहीं. उलट, आधींच धापा टाकणाऱ्या जीवास भाजल्याची वेदना होते, आणि त्या जखमेंतून दुसरे जंतु शिरण्यास वाट मिळते. आत्याआजी डागामुळें वांचल्या नाहींत. डाग बसूनहि त्या वांचल्या.

इ. स. १९८४ च्या हिवाळ्यांत आमच्या चुलतभावास खोकला लागला. त्याचें वय एकोणीस वर्षांचें. आम्ही सारीं भावंडें त्याला दादा म्हणत असूं. संध्याकाळीं अंग कोमट लागे, रात्रीं घाम येई, आणि अंगावरचा सदरा दिवसेंदिवस सैल होत चालला होता. घरांत खोकल्याचें भय कोणास वाटत नव्हतें, कारण आत्याआजींचा खोकला सर्वांच्या परिचयाचा होता आणि तो शेकानें व वाफेनें रोज शमतांना सर्व पाहत होते. म्हणून दादासाठींहि शेगडी पेटली. त्याला वाफ दिली, ओव्याचा शेक दिला, एरंडाचीं पानें बांधलीं. शेकल्यावर त्याला बरें वाटे, हेंहि खरें; आणि त्या बरें वाटण्यांतच चार महिने गेले. शेवटीं एके सकाळीं खोकल्याबरोबर रक्त पडलें, तेव्हां त्याला गाडींत घालून वडीलमंडळी पुण्यास निघालीं. आम्हांसहि सोबत नेण्यांत आलें.

अकलूजहून इंदापूर, तेथून भिगवण, पाटस, यवत, उरुळीकांचन आणि लोणी काळभोर करीत ती गाडी पुण्यास पोहोंचली. त्या दिवशीं आमचें लक्ष दादाच्या श्वासाकडे होतें. पुढें इतिहासाच्या अभ्यासास लागल्यावर ध्यानांत आलें कीं, तो रस्ता याच रोगांच्या आणि याच उपचारांच्या इतिहासांतून जात होता.

लोणीच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडें आंत, थेऊर आहे. तेथें चिंतामणीच्या सान्निध्यांत १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थोरले माधवराव पेशवे राजयक्ष्म्यानें वारले. त्यांचें वय त्या वेळीं अवघें सत्तावीस वर्षांचें होतें. पानिपतानंतर मोडलेलें राज्य ज्या पुरुषानें सावरलें, त्याच्या देहास सावरणारा उपाय त्या राज्यांत कोणापाशींच नव्हता. वैद्यांची उणीव होती असें नाहीं, औषधांस पैसा कमी होता असेंहि नाहीं. त्या काळीं लंडनचा किंवा पॅरिसचा राजवैद्य असता, तरी त्याचेहि हात तितकेच रिते असते.

आमच्या प्राचीन वैद्यकानें उष्णतेविषयीं काय म्हटलें आहे, हें येथें पाहणें अगत्याचें आहे. कारण शेकाचे आजचे कैवारी चरकाचा हवाला नेहमीं देतात, पण चरक पुरता वाचीत नाहींत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत स्वेदावर एक स्वतंत्र अध्याय आहे. अग्नीच्या साह्यानें करावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार त्यांत सांगितले आहेत. पुरचुंडीचा संकरस्वेद, नळीनें वाफ देण्याचा नाडीस्वेद, जलाशयाच्या कांठीं खास घुमटाकार घर बांधून करावयाचा जेंताकस्वेद, तापलेल्या शिळेवरचा अश्मघनस्वेद, हे त्यांपैकींच. आणखी मौजेची गोष्ट अशी कीं, अग्नीशिवाय घाम आणणाऱ्या दहा गोष्टींत व्यायाम, जड पांघरूण आणि ऊन यांबरोबर भय, क्रोध आणि भूक यांचीहि गणना आहे.

चिकित्सास्थानांत उचकी आणि दमा यांच्या प्रकरणीं स्वेदाचा जो उपयोग सांगितला आहे, तो मोठा मार्मिक आहे. रोग्यास प्रथम मीठ घातलेल्या तेलानें चोळावें व मग स्वेद द्यावा. म्हणजे डोंगराच्या कपारींत साठलेलें बर्फ सूर्याच्या किरणांनीं जसें पाझरूं लागतें, तसा देहांत घट्ट बसलेला कफ पाझरतो, असा त्याचा आशय आहे. त्यानंतर तो सैल झालेला कफ वमनानें बाहेर काढावयाचा. येथें उष्णतेकडे दिलेलें काम नीट पाहावें. ती कफ सैल करते. रोगाचा समूळ नाश करते, असा दावा या ठिकाणीं नाहीं. आणि त्याच प्रकरणांत, कोणास स्वेद देऊं नये याचीहि यादी आहे. ज्याच्या अंगाची आग होत आहे, ज्याचें रक्त पडत आहे, ज्यास फार घाम येत आहे, ज्याचें बळ व धातु क्षीण झाले आहेत, जो रुक्ष आहे, आणि जी स्त्री गर्भिणी आहे, त्यांस स्वेद वर्ज्य. रक्त पडणारा, रात्रीं घामानें भिजणारा आणि झिजत चाललेला आमचा दादा या यादींत किती अचूक बसत होता! म्हणजे परंपरेच्या नांवानें आम्हीं जें केलें, तें परंपरेनेंच निषिद्ध ठरविलेलें होतें.

क्षयाचें खरें कारण जगास कळलें तें २४ मार्च १८८२ रोजीं. त्या दिवशीं रॉबर्ट कॉख यांनीं बर्लिन येथें क्षयाचा जंतु शोधल्याचें जाहीर केलें. पण कारण कळणें आणि उपाय सांपडणें यांत किती अंतर असतें, हें आमच्या महाराष्ट्रानें पांचच वर्षांनीं पाहिलें. फिलाडेल्फियास जाऊन १८८६ सालीं डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत क्षयानेंच निवर्तल्या. त्यांचीं बाविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. नवें वैद्यक त्यांस अवगत होतें. पण त्या वैद्यकाच्या पेटींत या रोगावर औषध नव्हतें.

पुढें १८९० सालीं कॉख यांनीं ट्युबरक्युलिन नांवाचें द्रव्य उपाय म्हणून पुढें आणलें. तें टोंचल्यावर क्षयी माणसास सडकून ताप भरे, आणि हा ताप रोग जाळून टाकील अशी आशा पुष्कळांस वाटूं लागली. कांहीं महिन्यांतच ती मावळली. कित्येक रोग्यांची प्रकृति उलट बिघडली. परंतु तापानेंच रोग मारावा ही कल्पना मेली नाहीं. व्हिएन्नाचे वाग्नर-याउरेग यांनीं १९१७ सालीं उपदंशानें मेंदू बिघडलेल्या रोग्यांस मुद्दाम हिंवतापाचें रक्त टोंचलें. हिंवतापाच्या भरांत उपदंशाचा जोर ओसरे, आणि मग क्विनीननें हिंवताप आंवरतां येई. या शोधाबद्दल त्यांस १९२७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अमेरिकेंत तर १९३० नंतर रोग्यास पेटीवजा यंत्रांत निजवून, डोकें तेवढें बाहेर ठेवून, अंगाची उष्णता तासन् तास एकेचाळीस अंशांच्या आसपास राखण्याची पद्धत निघाली. परम्याच्या जंतूंवर तिचा उपयोगहि होई, कारण ते जंतु उष्णतेस विशेष भितात.

मग हीच युक्ति क्षयावर कां चालली नाहीं? याचें उत्तर प्रत्येक क्षयी माणसाच्या अंगावर लिहिलेलें असतें. त्याला रोज संध्याकाळीं ताप येतच असतो. माणसास सोसवेल तेवढ्या उष्णतेनें जर क्षयाचा जंतु मरत असता, तर हा रोग आपल्याच तापानें बरा झाला असता, आणि थेऊरास तो प्रसंग आलाच नसता. दुधाच्या डेअरींतला हिशेब येथें उपयोगी पडतो. दुधांतील क्षयजंतु मारण्यासाठीं तें ६३ अंश सेंटिग्रेडवर अर्धा तास, किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद ठेवावें लागतें. माणसाच्या रक्ताची स्वाभाविक उष्णता ३७ अंश. ती ४२ च्या वर गेली कीं प्राणाशीं गांठ. जंतूचें मरण आणि माणसाचें मरण यांच्या क्रमांत माणूस आधीं येतो, ही या उपचाराची मूळची अडचण होय.

दुसरी अडचण फुप्फुसाच्या रचनेंतच आहे. हृदयांतून निघणारें सारें रक्त, म्हणजे मिनिटास सुमारें पांच लिटर, फुप्फुसांतून वाहतें. छातीवर कितीहि शेक दिला, तरी कातडी व स्नायु तापतात. आंत पोहोंचणारी थोडीशी उष्णता हा रक्ताचा लोंढा वाहून नेतो. श्वासावाटे ऊन हवा घ्यावी, तर नाक आणि घसा तिला वाटेंतच शरीराच्या मापावर आणून सोडतात. १९४५ सालीं अमेरिकेंत कुत्र्यांवर प्रयोग झाले, तेव्हां अतिशय तप्त अशी कोरडी हवासुद्धां श्वासनळींत खालीं उतरेपर्यंत पुष्कळच निवाली होती, असें आढळलें; वाफेनें मात्र खोलवर भाजण्याच्या जखमा झाल्या. म्हणजे कोरडी उष्णता आंत पोहोंचत नाहीं, आणि जी ओली उष्णता पोहोंचते ती औषध म्हणून नव्हे, इजा म्हणून पोहोंचते. सोसवेल इतपत ऊन वाफ नाकाघशास बरी वाटते, पण फुप्फुसांतल्या जंतूस ती गांठत नाहीं. १९२० नंतरच्या काळांत विजेच्या साह्यानें शरीराच्या आंत ऊब उत्पन्न करणारी डायथर्मी निघाली आणि न्युमोनियावरहि तिचा प्रयोग झाला; परंतु गुणकारी औषधें हातीं येतांच तो मागें पडला.

तरी उष्णतेची बाजू अगदींच लंगडी आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९७५ सालीं अमेरिकेंत वाळवंटी सरड्यांच्या एका जातीवर एक प्रयोग झाला. सरड्यास स्वतःची ऊब राखतां येत नाहीं. तो उन्हांत जाऊन ती मिळवितो. जंतु टोंचलेले सरडे थंड पेट्यांत ठेवले तेव्हां त्यांतले बहुतेक मेले. ४० ते ४२ अंशांच्या पेट्यांत ठेवलेले बहुतेक जगले. ताप हा निव्वळ शत्रु नसून शरीराच्या संरक्षणाचा एक भाग आहे, हें यावरून दिसतें. तसेंच, जुनाट विकारांत जंतु चिकट थराच्या आड दडून बसतात आणि औषधांस दाद देत नाहींत. असे थर तापविले असतां औषधांचा परिणाम वाढतो, असें प्रयोगशाळेंत आढळून आलें आहे. पण कांचेच्या तबकडींतील थर आणि जिवंत माणसाचें फुप्फुस यांत मोठें अंतर आहे, आणि तें अद्याप ओलांडलें गेलेलें नाहीं. शिवाय सारेच जंतु उष्णतेस भितात असेंहि नाहीं. आमच्या अकलूज-माळीनगरच्या ऊसपट्ट्यांतील वाचकांस साखर कारखान्यांतले चिपाडाचे, म्हणजे बगॅसचे, डोंगर परिचयाचे आहेत. तें ओलें चिपाड साठून राहिलें कीं आंतून आपोआप तापतें, आणि त्या उष्णतेंतच वाढणारे कांहीं सूक्ष्म जीव आहेत. पुढें त्याची बुरसट धूळ श्वासांत गेली तर बगॅसोसिस नांवाचा फुप्फुसाचा विकार जडतो. तो संसर्ग नव्हे, शरीराचा त्या धुळीवरील क्षोभ होय. पण उष्णता म्हणजे शुद्धि, या समजास त्यानें छेद जातो.

थेऊरपासून दोन-तीन कोसांवर, त्याच रस्त्याला, उरुळीकांचन आहे. मार्च १९४६ मध्यें महात्मा गांधी तेथें आठवडाभर राहिले आणि गरिबांसाठीं निसर्गोपचाराचा आश्रम त्यांनीं सुरू केला. मागें राहिलेल्या मणिभाई देसाईंनीं तो वाढविला. बाष्पस्नान, कटिस्नान, मातीच्या पट्ट्या, ऊन, फळें आणि रामनाम हीं तेथलीं औषधें. गांधीजींचा पाण्याच्या आणि उष्णतेच्या उपचारांवरील विश्वास जुना होता. १९०२ सालीं ते मुंबईस गिरगांवांत असतांना त्यांच्या दहा वर्षांच्या मणिलालास विषमज्वर झाला आणि त्यांत न्युमोनियाचीं चिन्हें दिसूं लागलीं. डॉक्टरांनीं अंडीं आणि कोंबडीचा रस सुचविला. तो गांधीजींस मान्य झाला नाहीं. ताप १०४ अंशांवर चढला, तेव्हां त्यांनीं मुलास ओल्या चादरींत गुंडाळून वर कांबळीं घातलीं, आणि आपण व्याकूळ मनानें चौपाटीवर फेऱ्या घालून आले. परत येतात तों मुलास घाम सुटला होता आणि ताप उतरूं लागला होता. आत्मचरित्रांत हा प्रसंग सांगून झाल्यावर, हें ईश्वराच्या कृपेनें झालें, पाण्याच्या उपचारानें झालें कीं पथ्य व शुश्रूषा यांनीं झालें, हें कोण सांगूं शकेल, अशी शंका त्यांनीं स्वतःच ठेविली आहे. हा प्रामाणिकपणा त्यांच्या कित्येक अनुयायांत आढळत नाहीं.

पुणें गांठल्यावर नदीपलीकडे येरवड्यास आगाखान पॅलेस लागतो. तेथें स्थानबद्ध असतांना २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं, महाशिवरात्रीच्या दिवशीं, कस्तुरबांनीं देह ठेविला. श्वासनलिकांचा जुना दाह, अशक्त झालेलें हृदय आणि शेवटीं न्युमोनिया असें त्यांचें दुखणें होतें. त्या एका रोगशय्येभोंवतीं सारीं वैद्यकें गोळा झालीं होतीं. डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर हे पाश्चात्य विद्येचे डॉक्टर होते. पुण्याचे निसर्गोपचारक डॉ. दिनशा मेहता होते. लाहोरचे वैद्य पंडित शिवशर्मा आले आणि अखेर त्यांनींहि हात टेकले. शेवटच्या घटकांत कलकत्त्याहून विमानानें पेनिसिलिन आलें. धाकटे चिरंजीव देवदास यांचा तें देण्याचा आग्रह होता. दर थोड्या तासांनीं सुई टोंचावी लागेल हें कळल्यावर गांधीजींनीं, आतां आईस छळूं नकोस, देवावर भरंवसा ठेव, अशा अर्थाचें उत्तर दिलें. पेनिसिलिन दिलें गेलें नाहीं. तें दिलें असतें तर त्या वांचल्या असत्या, असें कोणी छातीठोकपणें म्हणूं नये. देह सर्व बाजूंनीं थकला होता. पण मुलगा औषध घेऊन उभा आहे आणि पति नको म्हणत आहे, हा प्रसंग आमच्या देशांतील असंख्य घरांत घडलेला आहे, आणि त्यांत दोन्ही बाजूंस मायाच असते, हें विसरून चालणार नाहीं. त्याच पुण्याच्या वेशीवर, पिंपरीस, १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून पेनिसिलिन तेथेंच तयार होऊं लागलें. जें औषध विमानानें आणावें लागलें होतें, तें अकरा वर्षांनीं शहराच्या वेशीवर बनूं लागलें.

क्षयापुरतें बोलावयाचें तर उष्णतेचा मार्ग युरोपांतील डॉक्टरांनीं आधींच सोडला होता. त्यांनीं उलट थंड, मोकळी हवा आणि विश्रांति यांवर भर दिला. आमच्याकडे डॉ. बिलिमोरिया यांनीं १९१२ सालीं पांचगणीस आरोग्यधाम काढलें. मिरजेजवळ वानलेसवाडीस दुसरें निघालें. घरापासून दूर, व्हरांड्यांतल्या खाटेवर, महिनोन् महिने पडून राहणें हाच तेथला उपचार होता. कांहीं बरे झाले, पुष्कळ गेले. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें, १९५२ सालीं आयसोनियाझिड आलें. आणि १९५६ सालीं मद्रासेस सुरू झालेल्या प्रयोगानें या गोष्टीचा निकाल लावला. क्षयी रोग्यांचे दोन गट करण्यांत आले. एकास आरोग्यधामांत ठेवून चांगलें अन्न आणि पुरती विश्रांति दिली. दुसऱ्यास गरीब वस्तींतल्या आपापल्या घरींच राहूं देऊन तींच औषधें दिलीं. १९५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोहोंच्या गुणांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. थंड हवा नव्हे, ऊन वाफ नव्हे. नेमानें आणि पुऱ्या मुदतीपर्यंत घेतलेलें औषध, हा खरा उपाय ठरला.

आमच्या दादाचें निदान पुण्याच्या एका रुग्णालयांत दोन दिवसांत झालें. थुंकीची परीक्षा आणि छातीचें एक चित्र, एवढ्यावर तें होण्यासारखें होतें, आणि तें चार महिन्यांपूर्वींहि झालें असतें. औषधानें तो बरा झाला. पण मधल्या काळांत उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग निकामी झाला होता. आज तो साठीं आला आहे. दोन जिने चढावयाचे तर मध्यें एकदां थांबतो, आणि थांबलों हें कोणास दिसूं नये म्हणून खिशांत किल्ली शोधल्यासारखें करितो.

त्याच फेरींत आत्याआजींचीहि तपासणी झाली, कारण घरांतल्या साऱ्यांनाच तपासण्याची आज्ञा होती. त्यांना क्षय नव्हता. लहानपणच्या न्युमोनियानें त्यांच्या श्वासनलिका कायमच्या सैल होऊन पसरल्या असाव्यात आणि त्यांत जंतूंनीं ठाण मांडलें आहे, असें डॉक्टरांनीं सांगितलें. पॅरिसच्या लाएनेक यांनीं १८१९ सालीं वर्णिलेला हा ब्राँकिएक्टेसिस नांवाचा विकार. त्यावर डॉक्टरांनीं जोर वाढेल तेव्हां औषध आणि रोज सकाळीं विशिष्ट कुशीवर निजून, पाठीवर थापट्या घेऊन कफ काढण्याची रीत सांगितली. "आणि शेगडी?" असें त्यांनीं भीत भीत विचारलें. डॉक्टर म्हणाले, "आजी, ऊब हवी तर घ्या, बरें वाटेल. पण कोळशाची शेगडी बंद खोलींत नको. तिच्या धुरानें तुमची छाती रोज थोडी थोडी बिघडते आहे. ऊन पाण्याची पिशवी घ्या." त्यानंतर दहा वर्षें त्या जगल्या, आणि त्यांच्या पाठीवर पहांटे थापट्या मारण्याचें काम पुष्कळ दिवस आमच्याकडे होतें.

त्या कामांत एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. शेकानें त्यांचा कफ सुटे, हें खोटें नव्हतें; चरकानें पाहिलें तेंच आमच्या आजी पाहत होत्या. चूक शेकांत नव्हती. एकाच्या शेकावरून दुसऱ्याचा रोग ओळखण्यांत होती. ऊब ही शुश्रूषा आहे, आणि शुश्रूषेचें मोल आम्ही कमी मानीत नाहीं. पण बरें वाटणें निराळें आणि बरें होणें निराळें. हा भेद न कळल्यामुळें आमच्या घरानें चार महिने गमावले. २०२० आणि २०२१ च्या साथींत घरोघरीं भांडीं उकळत होतीं आणि वाफेनें भाजल्याचे प्रकारहि घडले, तेव्हां तो भेद आम्हांस पुन्हां आठवला. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चवथा हिस्सा आजहि आमच्याच देशांत आहे. म्हणून आमच्या वाचकांस एवढीच विनंति आहे कीं, घरांत कोणाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळीं अंग कोमट लागूं लागलें, तर ऊब अवश्य द्यावी; पण ती देणाऱ्यानेंच दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याची थुंकी तपासावयास पाठवावी.